विचारा की ताई! नव्या बँडचं गाणं रेडिओवर लावायचंय

मागच्या अंकात कम्युनिटी रेडिओबद्दल, म्हणजे आपल्या भागापुरत्या छोट्या रेडिओ केंद्राबद्दल, दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीगच आला, व्हॉट्सअॅपवर आले ते वेगळेच. बहुतेकांचं म्हणणं एकच, की आमच्याकडं पोरं चांगली वाजवतात, स्वतःची गाणी करतात, खरं ती लावणारं कोण नाही. म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सीमाभागातल्या नव्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा शो मी स्वतः करते आणि हे काम मला मनापासून आवडतंय, त्यामुळं उत्तरं जरा लांबली तर वाचून घ्या.

टिळकवाडीतून एक कॉलेजवाला विचारतोय: ताई, एका कम्युनिटी रेडिओवर आम्हा तिघा मित्रांना आठवड्याला अर्धा तास मिळालाय. लोकल बँडचा शो करायचं ठरलंय. खरं ओळखीचे सगळे म्हणालेत की बेळगावात बँड आहेतच कुठं, चार आठवड्यांत गाणी संपतील. सुरुवात कुठनं करू आणि अर्ध्या तासात किती गाणी घेऊ?

भावा, आधी अभिनंदन. गाणी संपत नाहीत, हे मी तुला लिहून देते.

बँड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गिटार, ड्रम आणि काळा टीशर्ट येतो. तसले बँड कॉलेजांत आहेतच, पण तेवढेच शोधत बसलास तर खरंच महिन्याभरात दमशील. गणपतीत आणि लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टी वाजते ना, त्यातला कीबोर्डवाला बघ, दिवसभर सिनेमाची गाणी वाजवून रात्री घरात स्वतःच्या चाली बांधत बसलेला असतो आणि त्या त्यानं कुणाला ऐकवलेल्या पण नसतात. निपाणीकडं मोबाईलवर बीट लावून आपल्या बोलीत रॅप करणारी पोरं आहेत. खानापूरकडं भजनी मंडळात पखवाज शिकलेला पोरगा आणि शहरात गिटार शिकलेला त्याचा मावसभाऊ असे दोघं मिळून अभंगाला वेगळाच ठेका देतायत. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर चौडकं वाजवणाऱ्या घरांतली पुढची पिढी आहे, हलगी-संबळवाले आहेत, ढोलताशा पथकातली मुलं-मुली आहेत. हे सगळे तुझे बँड. चार लोक एकत्र येऊन स्वतःचं काहीतरी वाजवतात, एवढी व्याख्या पुरे.

आता ही माणसं शोधायची कुठं? इन्स्टावर शोध, तिथं पण सापडतील, खरं माझा अनुभव असा की गावातल्या साऊंड सिस्टिमवाल्याला सगळ्यात जास्त माहीत असतंय. तो प्रत्येक कार्यक्रमात मिक्सरवर बसलेला असतो, कोण सुरात आहे आणि कोण नुसता रिव्हर्बवर, म्हणजे मशीननं घुमवलेल्या आवाजावर, चाललाय हे त्याच्याएवढं कुणाला कळत नाही. दुसरा माणूस म्हणजे पेटी-तबला दुरुस्त करणारा. त्याच्या दुकानात जाऊन 'चांगलं कोण वाजवतंय' असं विचारू नको, त्याला काय उत्तर नसतंय. 'स्वतःचं गाणं कोण करतंय' असं विचार. दोन-तीन नावं लगेच मिळतात आणि ती नावं पुढची नावं देतात.

अर्ध्या तासाचा शो म्हणजे हातात साधारण सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं. चार गाणी घे, फार तर पाच. नऊ गाणी कोंबलीस तर कुठलंच लक्षात राहत नाही, आणि नुसतं बोलत बसलास तर पोरांची गाणी लावायची जागाच जाते. गाण्याच्या आधी बँडचं नाव आणि गावाचं नाव सांग, गाणं संपल्यावर परत सांग, कारण मध्येच रेडिओ लावणारा माणूस गाणं ऐकून 'हे कोण होतं' म्हणून थांबलेला असतो आणि तू पुढच्या विषयावर गेलास की तो बँड त्याच्यापुरता हरवला. गाणं चालू असताना वर बोलू नको. प्रसिद्ध गाण्यावर बोललं तर चालून जातंय, ते लोकांना पाठ असतंय. नवीन गाण्याची पहिली दहा सेकंद तू खाल्लीस तर ती परत मिळत नाहीत.

आणि आता जे सांगते ते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. एक गाणं एकदाच लावून सोडू नको. शोधून, रेकॉर्ड करून, मुलाखत घेऊन गाणं एकदा लावायचं आणि पुढच्या आठवड्यात नवीन बँड, असं बहुतेक जण करतात, आणि त्या बँडला वाटतंय आपल्याला चान्स मिळाला, पण खरं बघितलं तर काहीच मिळालेलं नसतंय. उद्यमबागच्या शेडमध्ये काम करता करता अर्धं गाणं कानावर पडलं, मग लेथचा आवाज आला, संपलं. दुसऱ्या आठवड्यात तीच चाल परत आली की माणूस मान वर करतो. तिसऱ्यांदा आली की गुणगुणतो. अनोळखी चाल ओळखीची व्हायला तेवढा वेळ लागतोच. म्हणून चार गाण्यांतलं एकच एकदम नवीन ठेव, बाकीची तीन मागच्या आठवड्यांतली, अशी सरकती साखळी कर. एक गाणं सलग तीन-चार आठवडे वाजलंच पाहिजे.

इंग्लंडात बीबीसीवर जॉन पील म्हणून एक निवेदक होता, १९६७ पासून २००४ मध्ये वारला तोपर्यंत रेडिओ वन वर नवीन बँड लावायचा. लोक घरून टेप पाठवायचे, तो त्या ऐकायचा, आणि आवडलेल्या बँडला बीबीसीच्या स्टुडिओत बोलवून रेकॉर्डिंग करून घ्यायचा, अशी दोन हजारांवर कलाकारांची चार हजारांवर सेशन्स झाली. १९७८ मध्ये एका नवख्या बँडचं गाणं त्याला इतकं आवडलं की त्यानं ते लागोपाठ दोनदा लावलं. पुढं २००७ पासून बीबीसीनं 'बीबीसी इंट्रोड्यूसिंग' काढलं, त्यात नवीन कलाकारांनी गाणं वेबसाइटवर टाकायचं आणि त्यांच्या भागातल्या स्थानिक शोच्या टीमनं ते ऐकायचं. त्यांच्याकडं पैसा आहे, स्टुडिओ आहे, आपल्याकडं तेवढं नाही. पण आलेलं गाणं ऐकणं आणि परत परत लावणं याला पैसा लागत नाही.

रेंजचं टेन्शन घेऊ नको. कम्युनिटी रेडिओला सहसा जास्तीत जास्त १०० वॉट ईआरपी (म्हणजे अँटेनातनं बाहेर पडणारी ताकद) आणि ३० मीटर उंचीचा अँटेना एवढीच परवानगी असते, आवाज साधारण पाच-दहा किलोमीटर जातो. तेवढ्यात शहापूर, वडगाव, अनगोळ, हिंडलगा, कंग्राळी सगळं येतंय. बेळगावात केएलईची वेणुध्वनी ९०.४ वर आहे, तिकडं साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग आहे, ही केंद्रं काय आख्ख्या राज्याला ऐकू जात नाहीत आणि त्यांनी जावं असं पण नाही. ज्या गल्लीत बँड राहतो त्या गल्लीत त्याचं गाणं वाजलं तर पुढच्या गणपतीत मंडळ त्यालाच बोलवतं.

खानापूर तालुक्यातून, चौघांचा बँड: ताई, आम्ही दोन-तीन ठिकाणी गाणी पाठवली, कुणाचं उत्तरच येत नाही. आवडलं नाही तर तसं तरी सांगावं की. आमचं काय चुकतंय?

उत्तर द्यायला पाहिजे होतं, हे आधी सांगते. 'मिळालं, ऐकलं, या महिन्यात बसत नाही' एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतंय, आणि शो चालवणाऱ्या प्रत्येकानं ते लिहिलंच पाहिजे असं माझं मत आहे, कारण पाठवणाऱ्यानं आठवडा-आठवडा फोन उघडून बघितलेला असतो.

आता तुमच्या बाजूनं काय करता येईल ते बघू. व्हॉट्सअॅपवर गाणं ऑडिओ म्हणून किंवा व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ते दाबलं जाऊन येऊ शकतं, मग झांजेचा आवाज तर पार किटकिट होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या आणि लिंक उघडी आहे का ते दुसऱ्याच्या फोनवरनं तपासा. डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेली फाईल असली तर उत्तम, नाहीतर ३२० केबीपीएसची एमपीथ्री. फाईलचं नाव 'फायनल', 'फायनल २', 'न्यू फायनल' असलं ठेवू नका, माझ्या कॉम्प्युटरवर 'फायनल' नावाची इतकी गाणी आहेत की कुठलं कुणाचं ते उघडल्याशिवाय कळत नाही. बँडचं नाव, गाण्याचं नाव, गाव, फोन नंबर, एवढं फाईलच्या नावातच घाला.

एकच गाणं पाठवा. तीन पाठवलीत तर ऐकणारा पहिलं ऐकून बाकीची नंतर ऐकू म्हणून ठेवतो. कुठलं एक ते ठरवता येत नसेल तर घरच्यांना विचारू नका, गावात तुमचं गाणं ऐकून लोकांनी दुसऱ्यांदा कुठलं म्हणायला लावलं ते आठवा. आणि सुरुवातीची एक-दोन मिनिटं नुसता वाऱ्याचा आवाज, मग बासरी, मग डायलॉग, असं केलं असेल तर रेडिओसाठी छोटी आवृत्ती करा, आवाज वीस-पंचवीस सेकंदांत यायला पाहिजे. सोबत चार ओळी लिहा: गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, कोण काय वाजवतंय, आणि नावांचा उच्चार कसा करायचा. आडनाव चुकीचं उच्चारलं गेलं की घरातल्या म्हाताऱ्यांना फार लागतंय, ते मी बघितलंय.

आकाशवाणीचं गणित वेगळं आहे, तिथं रीतसर ऑडिशन असते आणि कलाकाराला बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणी मिळतात. शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत करणाऱ्यांनी ती जरूर द्या. तुमच्यासारख्या बँडनं दोन्ही दरवाजे ठोठवायला हरकत नाही.

निपाणीतून एक बेंजो पार्टीवाले: आमच्याकडं सिनेमाची गाणी वाजवायची ऑर्डर जास्त. तीच रेकॉर्ड करून रेडिओवर दिली तर चालतील काय? आणि अभंगाला कॉपीराइट असतो काय?

दादा, चालतील की नाही ते त्या केंद्रानं कुठलं लायसन्स घेतलंय आणि रॉयल्टी भरली आहे का यावर आहे. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, त्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि कलम ३१-ड आलं, त्यानुसार रेडिओ केंद्राला आगाऊ कळवून ठरलेली रॉयल्टी भरून प्रसिद्ध झालेली गाणी लावता येतात. खरं तुम्ही वाजवलेलं सिनेमाचं गाणं हे नवीन रेकॉर्डिंग झालं, त्याला वेगळी अट आहे. मूळ गाणं रेकॉर्ड झालेलं वर्ष संपून पाच वर्षं व्हायला पाहिजेत, आणि मालकाला कळवून पैसे भरायला पाहिजेत. आणि तोच शो यूट्यूबवर किंवा पॉडकास्ट म्हणून टाकायचा असेल तर रेडिओची ती सोय तिथं धरून चालू नका, मुंबई हायकोर्टानं २०१९ मध्ये सांगितलंय की ३१-ड इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला लागू नाही.

अभंगाचं असं आहे. तुकोबांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, कवी वारल्यानंतर साठ वर्षांनी हक्क संपतो आणि तुकोबांना तर पावणेचारशे वर्षं झाली. पण त्या अभंगाला गेल्या शतकात कुणीतरी दिलेली प्रसिद्ध चाल बहुधा अजून त्या संगीतकाराच्या हक्काची असते, ती उचलली तर परवानगी लागते. गावातल्या दिंडीत पिढ्यान्पिढ्या म्हणतात ती चाल घ्या, नाहीतर स्वतः बांधा.

ऑर्डरला सिनेमाची गाणी वाजवा, त्याच्यावर घर चालतंय, त्यात काही कमी नाही. माझ्या शोला मात्र तुमच्या कीबोर्डवाल्याची स्वतःची चाल पाठवा. बेंजोवर ती काय सुंदर लागेल! रेडिओला देताना एका कागदावर 'हे गाणं आमचं आहे, या कार्यक्रमात वाजवायला परवानगी आहे, हक्क आमच्याकडंच राहतील' एवढं लिहून सही करून द्या आणि एक प्रत स्वतःकडं ठेवा. गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएस या संस्थेचं सदस्य होऊन ठेवलं तर गाणी जिथं जिथं वाजतील तिथली रॉयल्टी गोळा करायची सोय होते.

वडगावहून: घरातच रेकॉर्डिंग करालोय, शेजारी माग आहेत, दिवसभर खटखट चालू असते. स्टुडिओला पैसे नाहीत. काय करावं?

माग बंद असेल त्या दिवशी किंवा लाईट गेल्यावर रेकॉर्ड करा, बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर किंवा फोन असला की झालं. लाईट गेलेल्या वेळेत आमची कितीतरी चांगली रेकॉर्डिंग झालेली आहेत, पंखा नाही, फ्रिज नाही, माग नाही, आवाज इतका स्वच्छ येतो.

खोली आतली घ्या, शक्यतो धान्याची किंवा कपड्यांची. घरात वाकळ असते ना, जाड, जुन्या लुगड्यांची, तसल्या तीन-चार वाकळा दोरीवर टांगा, भिंतीला चिकटवून नको, वीतभर जागा सोडून, गाणाऱ्याच्या पाठीमागं एक आणि दोन्ही बाजूंना एकेक. फोम-बिम विकत घेऊ नका, चांगल्या वाकळेपुढं तो काहीच नाही. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका, म्हणजे 'प' आणि 'भ' वर हवा फटकन लागत नाही. लेव्हल वजा बारा डेसिबलच्या आसपास राहू दे, लाल लागलं की ते दुरुस्त होत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घ्या. एडिटिंगला ऑडॅसिटी फुकट मिळतं आणि ते पुरेसं आहे. आणि प्रत्येक खोलीत अर्धा मिनिट कुणी काही न बोलता नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा, कापाकापी केली की मध्ये भरायला ती लागते.

हलगी किंवा चामड्याचं कुठलंही वाद्य असेल तर अजून एक. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, त्यामुळं वाजवणारा आधी जाळावर धरून तापवतो आणि पहिल्या टेकला ती कडक बोलते. दोन-तीन टेक होईपर्यंत ती परत उतरलेली असते. मग पहिल्या टेकचा पहिला भाग आणि चौथ्या टेकचा शेवट जोडला की ऐकणाऱ्याला कळत नाही काय बिघडलंय, पण काहीतरी बिघडलंय हे कळतंय. म्हणून प्रत्येक टेकच्या आधी तापवा, कंटाळा आला तरी. वाजवणारे स्वतःहून सांगत नाहीत, त्यांना वाटतं रेकॉर्डिंगवाल्यांचा वेळ जाईल, तेव्हा तुम्हीच थांबा आणि म्हणा की तापवून घ्या मामा, घाई नाही.

मिक्स झाल्यावर हेडफोनवर ऐकून खूश होऊ नका. छोट्या रेडिओवर किंवा फोनच्या एका स्पीकरवर ऐका. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जात नाही, छोट्या स्पीकरवर खालचा बेस पण जातो, उरतो तो मधला भाग, आणि गाणाऱ्याचे शब्द तिथंच असतात. कीबोर्डवर तो रुंद स्टिरिओ इफेक्ट लावला असेल तर मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र झाल्यावर, कीबोर्ड गायबच होतो कधीकधी. ते आधी तपासा.

अथणीहून एक वाचक: आमच्या बँडची गायिका कन्नड, गिटारवाला आणि मी मराठी, ढोलकीवाल्याच्या घरात उर्दू. गाणी दोन्ही भाषांत आहेत. एका ओळखीच्यानं सांगितलं की मराठी शोला कन्नड गाणं पाठवू नका आणि कन्नड शोला मराठी, उगीच वाद होईल. आम्ही काय करावं?

तुम्ही जे करताय तेच करा. हे मी अगदी ठामपणे सांगते.

सीमाप्रश्न आपल्याला कुणी समजावून सांगायला नको, १९५६ पासून तो आपल्या घराघरात आहे, कोर्टात आहे, आणि मराठीतनं शिकायला, मराठीतनं अर्ज करायला इथं किती झगडावं लागतंय ते मी रोज बघते. माझी भाषा टिकावी म्हणूनच मी मराठीत शो करते आणि यात मला कुणाची माफी मागायची नाही. पण गाणाऱ्यांची परंपरा इथं काय आहे ते बघा. कुमार गंधर्व १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्मले, घर कन्नड, आणि मराठी नाट्यगीतं नि अभंग त्यांच्याशिवाय आपण ऐकूच शकत नाही. भीमसेन जोशी गदगचे, मराठीत संतवाणी गायली आणि कन्नडात दासवाणी, म्हणजे तिकडच्या संतांची पदं, दोन्हीकडचे लोक त्यांना आपलं म्हणतात. उलट बघायचं तर मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूरचे. धारवाड आकाशवाणी १९५० ची, सांगली १९६३ ची, आणि इथल्या जुन्या घरांत रेडिओचा काटा या दोन्हींवर फिरायचा, सकाळी हे आणि रात्री ते. भाषा बदलली म्हणून कुणी रेडिओ बंद करत नव्हतं.

शो करणाऱ्यानं निवेदन एका भाषेत ठेवावं, म्हणजे ऐकणाऱ्याचा धागा तुटत नाही. गाणं मात्र ज्या भाषेत असेल त्या भाषेत पूर्ण लावावं आणि आधी दोन वाक्यांत अर्थ सांगावा. गायिकेला स्वतःला बोलू द्यावं, कन्नडमध्ये बोलली तर बोलू दे, ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच लोकांना कळतंय. तुमच्या बँडनं दोन्ही शोला दोन्ही भाषांतली गाणी पाठवावीत. मला तर पाठवाच.

कडोलीहून भजनी मंडळाचे एक काका: तुम्ही 'नवीन बँड' म्हणता, आम्ही साठीच्या पुढचे. आमच्यासारख्यांना तिथं जागा आहे काय?

काका, 'नवीन' म्हणजे रेडिओवर आजपर्यंत न वाजलेलं. तुमच्यातल्या कुणी स्वतः रचलेली गवळण किंवा भारूड असेल तर वयाचा प्रश्नच येत नाही. वाद्याचा पण संकोच नको. तुमची पेटी एकेकाळी आकाशवाणीला चालत नव्हती, १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती पुढं तीसेक वर्षं राहिली. तसंच १९५२ नंतर केसकर माहिती-प्रसारण मंत्री असताना सिनेमाची गाणी आकाशवाणीवर कमी केली तर लोक सरळ रेडिओ सिलोनकडं गेले, मग १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. लोकांनी काय ऐकावं हे वरून ठरवून कधी जमलेलं नाही. मंडळाची बैठक असेल त्या दिवशी आम्हीच रेकॉर्डर घेऊन येतो, तुम्ही स्टुडिओपर्यंत यायची गरज नाही.

पैशाबद्दल तीन-चार जणांनी विचारलंय, एकत्रच सांगते. नवीन बँडकडनं गाणं लावायचे पैसे घेऊ नका, एक रुपया पण नाही, आणि कुणी मागितले तर बँडनं देऊ नका. कम्युनिटी रेडिओला २०२४ पासून तासाला १२ मिनिटं जाहिरात घेता येते, गावातलं वाद्यांचं दुकान, मंडपवाला, क्लासवाले यांच्याकडं स्टेशननं जावं. खर्च आहे तो प्रवासाचा आणि चहाचा, तो त्यातनं निघतो.

हुक्केरी तालुक्यातून एक आई: मुलगी ड्रम वाजवते, कॉलेजच्या मुलांबरोबर बँड आहे, चाली पण तीच करते. रेडिओवर बोलावलंय. मला अभिमान आहे, खरं जीव पण घाबरतो, लोक काय म्हणतील, यायला रात्र होईल. पाठवू काय?

पाठवा वहिनी, आणि तुम्ही पण बरोबर या. रेकॉर्डिंग दिवसाच ठेवायला सांगा, लाईव्हच पाहिजे असा हट्ट कुठलाही शो धरत नाही, रेकॉर्ड करून संध्याकाळी लावता येतंय. शेवटची एसटी कितीची आहे ते आधीच त्यांना कळवा आणि त्याच्या तासभर आधी मोकळं करा म्हणावं. निवेदकानं तिचा फोन नंबर, घरचा पत्ता, कॉलेजची वेळ यातलं काहीही हवेवर सांगायचं नाही, इन्स्टाचं बँडचं अकाउंट सांगितलं की पुरे. गाव सांगायचं की नाही ते तिनं ठरवायचं.

शो करणाऱ्या सगळ्यांना पण यानिमित्तानं सांगते, 'मुलगी असून ड्रम कसा काय' हा प्रश्न विचारायचा नाही. तिच्याबरोबरच्या पोराला तुम्ही ठेक्याबद्दल विचारता, चालीबद्दल विचारता, तिलाही तेच विचारा. आणि बँडमधली मुलं हौसेनं जास्त बोलतात, त्यामुळं चाल तिची असली तर चालीचा प्रश्न तिचं नाव घेऊन तिलाच विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा.

वहिनी, तिला एवढं सांगा की गाणं पाठवताना फाईलवर आणि त्या परवानगीच्या कागदावर 'संगीत' या शब्दापुढं स्वतःचं पूर्ण नाव लिही. बँडचं नाव त्याच्या खाली.